मला म्हणायचं नाही

शाळेच्या फॉर्मवर सातवा प्रश्न असा होता: घरी मुलीशी मुख्यतः कोणती भाषा बोलली जाते? खाली तीन चौकोन. इंग्लिश, स्पॅनिश, इतर. खूण एकाच चौकोनात करायची होती.

बायको म्हणाली, "इतर. आणि पुढे मराठी लिही. त्यात विचार काय करायचाय?"

"एक आठवडा दे. मोजून सांगतो."

"भाषा मोजणारेस?"

"तास मोजणारे."

ती हसली नाही. सोळा वर्षं झाली आमच्या लग्नाला, आता तिला माझ्या मोजण्याचं हसू येत नाही. इथे चँडलर शहरात कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात मी मोजमापं तपासायचं काम करतो. यंत्राने दिलेला आकडा खरा आहे का, हे बघायचं. घरी आल्यावर ती सवय काढून ठेवता येत नाही.

पण या वेळी मोजण्याला कारण होतं. आमची मोठी मुलगी बारा वर्षांची आहे. चार वर्षांची असताना ती घडाघडा मराठी बोलायची, भांडायचीसुद्धा मराठीत. मग ती इंग्लिश शाळेत गेली. आज तिला मराठी सगळं कळतं आणि उत्तर ती इंग्लिशमध्ये देते. तिचं शेवटचं मराठी वाक्य कोणतं होतं, ते मला सांगता येणार नाही. ते कधी बोलली, तेही सांगता येणार नाही, कारण तेव्हा मी काहीच मोजत नव्हतो. धाकटी आता चार वर्षांची झाली होती. तिचंही असंच होणार का, एवढाच माझा प्रश्न होता. त्या दिवसांत गाडी चालवताना, जिना चढताना, मीटिंगमध्ये समोर आलेख उघडा असताना, तो माझ्या डोक्यात फिरत असायचा.

धाकटीला स्पॅनिश शाळेत घालायची कल्पना बायकोची. ती दातांची डॉक्टर आहे आणि तिच्याकडे येणारे निम्मे रुग्ण स्पॅनिश बोलतात. ती म्हणते, "माणूस माझ्यासमोर तोंड उघडून बसलेला असतो आणि त्याला कुठे दुखतंय ते मला रिसेप्शनिस्टकडून कळतं. माझ्या मुलींपैकी एकीला तरी हे यायला हवं." कामापुरतं ती स्वतः शिकली होती. तोंड उघडा, चूळ भरा, दुखतंय का, एवढं. शाळा घरापासून अकरा मिनिटांवर होती. तिथे सकाळी आठ ते चार सगळं स्पॅनिशमध्ये चालायचं. गाणी, जेवण, हात धुणं, रागावणं, सगळं.

तोपर्यंत धाकटी दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या काकूंकडे जायची. काकू साठीच्या, मूळच्या मुंबईच्या. घरीच चारपाच मुलं सांभाळतात. काकूंना आम्ही सांगितलं तेव्हा त्या पोळ्या लाटत होत्या. लाटणं न थांबवता म्हणाल्या, "शिकवा की स्पॅनिश. चांगलंच आहे. फक्त भात कालवून देताना त्या बाई काय म्हणतात, तेवढं मला येऊन सांगा."

"काकू, तीन आठवडे ट्रायल आहे," बायको म्हणाली. "तिसऱ्या शुक्रवारी त्यांना हो किंवा नाही सांगायचंय. तोपर्यंत तिची जागा ठेवाल का?"

"जागा काय, मी थिएटर आहे का? ठेवते. पण तीनच आठवडे हं. माझ्याकडेही दोघी विचारून गेल्यात."

आठवडाभर मी फोनवर नोंदी केल्या. चार वर्षांचं मूल दिवसाला साधारण बारा तास जागं असतं, म्हणजे आठवड्याला चौऱ्याऐंशी. त्यातले चाळीस काकूंकडे जात होते. उरले चव्वेचाळीस. त्यातले पंचवीस इंग्लिशमध्ये गेले, कारण ताई इंग्लिश बोलते, कार्टून इंग्लिश बोलतात, आणि आम्ही दोघं दमलो की आम्हीही इंग्लिश बोलतो. मराठीत सोळा तास गेले. तीन तास ती स्वतःशीच काहीतरी पुटपुटत खेळली, ते मी कशातच धरले नाहीत.

फॉर्मवर प्रश्न 'घरी' असा होता. काकूंचं घर आमचं घर नव्हे. म्हणून मी 'इंग्लिश'च्या चौकोनात खूण केली.

बायकोने ती पाहिली. "हे खरं आहे?"

"आकडे बघ."

"आकडे बरोबर असतील. मी विचारतेय, हे खरं आहे का?"

मी म्हणालो, प्रश्नात जे विचारलंय त्याचंच उत्तर देता येतं. आणि फॉर्म पाठवून दिला.

पहिले दोन दिवस बरे गेले. शाळेचं एक ॲप होतं, त्यावर दुपारी फोटो यायचे आणि खाली दोन ओळी इंग्लिशमध्ये. काय खाल्लं, किती झोपली. तिसऱ्या दिवशी ओळ आली: आज तिने रंगकामाच्या वेळी मैत्रिणीला 'वाईट' म्हटलं. आम्ही तिच्याशी बोललो आहोत, घरीही बोलावं.

आम्ही बोललो. धाकटी ऐकत होती की नाही, कळलं नाही. ती चमच्याने टेबलावर रेघा मारत होती. बायको म्हणाली, "कोणाला वाईट म्हणालीस, बाळा?" तिने मान हलवली. मी कोणाला म्हणाले नाही, अशा अर्थी.

पाचव्या दिवशी पुन्हा तेच, या वेळी फळं वाटणाऱ्या बाईंनाच. सहाव्या दिवशी झोक्यापाशी. ऑफिसात दुपारी अडीचच्या सुमारास ॲपची घंटा वाजायची आणि मी हातातलं काम टाकून उठायचो. कॉरिडॉरमध्ये जाऊन वाचायचो, परत यायचो, पाच मिनिटांनी पुन्हा उघडून बघायचो, जणू मधल्या वेळात ओळ बदलली असेल. घरी 'वाईट' हा शब्द कोण वापरतं, याचा मी विचार करत राहिलो. मोठीला विचारलं.

"बाबा, आय डोन्ट इव्हन टॉक टू हर दॅट मच," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

दुसऱ्या मंगळवारपर्यंत अशा आठ नोंदी झाल्या होत्या, काही दिवशी दोनदोनसुद्धा. मी त्यांचा तक्ता केला: वार, वेळ, कोणाला, काय चाललं होतं. आठांपैकी सात वेळा काहीतरी वाटलं जात होतं, नाहीतर पाळी लागत होती. रंग, द्राक्षं, झोका, पुन्हा द्राक्षं, चिकटवायच्या चांदण्या. भांडणात एकदाही नाही. तक्ता बायकोसमोर ठेवून मी म्हणालो, "हिला वाटून घेणं जमत नाहीये. काकूंकडे चारच मुलं होती, इथे सोळा आहेत."

ते इतकं पटण्यासारखं होतं की आम्ही लगेच उपाय सुरू केला. घरी काहीही द्यायचं झालं की आधी ताईला, मग तिला. पापड आधी ताईला. आंब्याची फोड आधी ताईला. धाकटी बघत राहायची. शेवटी बायको विचारायची, "आता तुला काय पाहिजे, सांग?"

आणि ती म्हणायची, "मला म्हणायचं नाही."

पहिल्यांदा आम्ही सोडून दिलं. मग ती रोज तेच म्हणायला लागली. दूध हवंय का? मला म्हणायचं नाही. कोणता फ्रॉक? बोट दाखवायची. तोंडाने सांग ना. मला म्हणायचं नाही. शुक्रवारी मी आवाज चढवला. म्हणालो, "म्हणायचं नाही तर मिळायचं नाही." तिने हात मागे घेतला आणि बशीकडे बघत बसली. रडली असती तर बरं झालं असतं.

त्या रात्री, म्हणजे जेवणं उरकल्यावर, मी नेहमीसारखे आठवड्याचे तास काढले. मराठी: सोळावरून अकरा. ती आमच्याशी बोलतच कमी होती. मोठीच्या वेळी हे असंच सुरू झालं होतं का? आठवेना. बायको म्हणाली, "शाळा बंद करू या. मलाच हौस होती, मीच सांगते त्यांना." मी म्हणालो, ट्रायल तीन आठवड्यांची आहे, अजून एक आठवडा आहे. ती म्हणाली, "तू ट्रायल म्हणतोस, ती चार वर्षांची आहे." मग बराच वेळ आम्ही दोघंही डिशवॉशर लावत राहिलो. एका माणसाचं काम होतं ते.

शनिवारी काकूंकडे तिचं राहिलेलं पांघरूण आणायला गेलो, आम्ही दोघं आणि धाकटी. काकूंकडे त्या दिवशी तीन मुलं होती, त्यांच्या आईबापांची शनिवारची ड्युटी असते म्हणून. काकूंनी बेसनाच्या लाडवांचा डबा उघडला आणि तिघंही त्यांच्या गुडघ्यांना चिकटली. मला, काकू, मला. मला मोठा. मला पण. आमची मात्र दोन पावलं मागे थांबली, हात पुढे करून, तोंड मिटून.

"काय गं," काकू म्हणाल्या, "दोन आठवड्यांत एवढी मोठी झालीस? तोंड कुठे गेलं? मला म्हण, मग देते."

"मला म्हणायचं नाही."

"का नाही म्हणायचं? मागितल्याशिवाय कसं मिळेल?"

"काकू, हे हिचं हल्ली असंच चाललंय," बायको म्हणाली. "फार हट्टी झालीय."

"थांब गं तू," काकू तिला म्हणाल्या आणि खाली बसल्या. "का नाही म्हणायचं, राजा?"

धाकटीने त्या तीन मुलांकडे बघितलं. मग काकूंच्या कानाशी जाऊन, आम्हालाही ऐकू येईल इतपत हळू, म्हणाली, "मला नाही म्हणायचं. मला बॅड वर्ड आहे. माएस्त्रा म्हणते."

माएस्त्रा म्हणजे तिच्या शाळेतल्या बाई.

काकूंना अर्थातच यामागचं काही कळलं नाही. त्यांनी तिच्या हातावर लाडू ठेवला आणि म्हणाल्या, "ज्या बाईला 'मला' हा शब्द वाईट वाटतो, तिला आणा एकदा माझ्याकडे."

परत येताना सिग्नलला थांबलो होतो. मी बायकोला विचारलं, "स्पॅनिशमध्ये वाईटला काय म्हणतात?"

"मालो," ती म्हणाली. मग थांबली. "मालो पुरुषाला. बाईला, मुलीला..." आणि तिने मागे वळून धाकटीकडे बघितलं. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा सिग्नल हिरवा होऊन गेला होता.

माला. त्यांचा पहिला स्वर आपल्यापेक्षा थोडा लांब, एवढाच फरक. पण चार वर्षांची मुलगी द्राक्षांच्या वाटीकडे हात करून, रडकुंडीला येऊन, ओढून ओढून 'मला' म्हणते, तेव्हा तो फरक राहत नाही. बाई वाटी दुसरीला देत होत्या आणि आमची मुलगी म्हणत होती, मला, मला. बाईंना ऐकू येत होतं: वाईट, वाईट. आणि त्या नियमाप्रमाणे खाली बसून, तिच्या डोळ्यांत बघून, शांतपणे सांगत होत्या की 'माला' म्हणायचं नाही. ते अख्खं वाक्य मुलीने स्पॅनिशमधून बिनचूक मराठीत आणलं होतं आणि घरी येऊन रोज आम्हाला सांगत होती. आम्ही त्याला हट्ट म्हणत होतो.

घराजवळ आल्यावर, काहीतरी बोलायला हवं म्हणून, मी म्हणालो, "आमच्या अकोल्याकडचं 'मले' शिकवलं असतं तर हे झालं नसतं. मले दे, मले पायजे. तू शिकवू दिलं नाहीस."

"म्हणजे आता चूक पुण्याची?" बायको म्हणाली. मग खिडकीबाहेर बघत, "फॉर्म कोणी भरला?"

मीच भरला होता. 'इतर' आणि पुढे मराठी, एवढं लिहिलं असतं तर त्या बाईंनी एकदा तरी विचारलं असतं, की हा तुमच्या भाषेतला शब्द आहे का. मी आकडे बरोबर लिहिले होते. त्या आकड्यांमुळे दोन आठवडे माझी मुलगी इंग्लिश बोलणाऱ्या घरातली, इतर मुलींना वाईट म्हणणारी मुलगी झाली होती.

सोमवारी साडेसातलाच मी शाळेच्या पार्किंगमध्ये होतो. गाडीत बसवेना, म्हणून बाहेर येऊन कुंपणापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. बाई पावणेआठला आल्या. पन्नाशीच्या, मेक्सिकोतून लहानपणी आलेल्या. मी त्यांना इंग्लिशमध्ये सांगितलं: 'मला' म्हणजे आमच्या भाषेत 'माझ्यासाठी', 'माझ्याकडे दे'.

त्यांनी विचारलं, "कोणती भाषा? फॉर्मवर इंग्लिश आहे."

"तो मी चुकीचा भरला."

त्या आधी हसल्या. मग हसू गेलं. म्हणाल्या, "म्हणजे ती मागत होती."

मी खिशातून तक्ता काढला. का काढला, मला अजून कळलेलं नाही. आम्ही दोघांनी तिथेच उभं राहून तो पुन्हा वाचला, एकेक ओळ. बुधवारी तिला लाल रंग हवा होता. शुक्रवारी द्राक्षं हवी होती. सोमवारी झोक्यावर तिची पाळी होती आणि ती कोणीतरी घेतली होती. बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे मला आठवतंय," त्या म्हणाल्या. "पाळी तिचीच होती. मी तिला बाजूला बसवलं."

मग त्या म्हणाल्या की स्पॅनिशमध्ये 'मला'ला 'आ मी' म्हणतात. मी म्हणालो, मराठीत 'मी' म्हणजे मीच. त्यांनी ते दोनदा म्हणून बघितलं. त्यांनी मला कोरा फॉर्म दिला आणि मी सातव्या प्रश्नाला तिसऱ्या चौकोनात खूण केली. त्या दिवशी बाईंनी वर्गात सगळ्या मुलांसमोर सांगितलं की हिच्या घरी एक वेगळी भाषा आहे, त्यात 'मला' हा चांगला शब्द आहे. घरी आम्हीही सांगितलं. काकूंनी फोनवर सांगितलं. मोठीने इंग्लिशमध्ये सांगितलं.

एवढ्या जणांनी परवानगी दिली, तरी ती तो शब्द म्हणेना. मंगळवार, बुधवार, गुरुवार, एकदाही नाही. बोट दाखवायची, किंवा नुसतं "दूध" म्हणायची, किंवा "आय वॉन्ट". आता तिची चूक काढण्यासारखंही काही उरलं नव्हतं. मी ताटावर बसलो की कान तिच्याकडेच. बायको म्हणाली, "असं टक लावून बघू नकोस. ती घास गिळायची थांबते."

शुक्रवारी हो किंवा नाही सांगायचं होतं. बायको म्हणत होती, काढू या, झालं एवढं पुरे. आता मलाच काढवेना. तक्ता बघताना त्या बाईंचं बोट जसं थांबलं होतं, तसं थांबून कोणी माझ्या मुलीकडे बघत असेल तर ती जागा सोडू नये असं वाटत होतं. आणि काकूंकडे गेलं की सगळी मुलं मला मला ओरडतात, तेही हवं होतं. शाळेत तीन दिवसांची सोय होती. मी हिशेब केला: शाळा चोवीस तास, काकू सोळा, त्यातले मराठीचे बारा धरले, घरचे सोळा, म्हणजे एकूण अठ्ठावीस. चौऱ्याऐंशीचा बरोबर तिसरा हिस्सा. बायकोने कागद बघितला आणि उलटा करून ठेवला. म्हणाली, "तीन दिवस चालेल. पण या आकड्यामुळे नाही."

काकू म्हणाल्या, "दोनच दिवस? मी काय जिम आहे?" आणि मग, "बरं, सोमवार आणि गुरुवार. गुरुवारी माझ्याकडे मऊभात असतो."

पुढच्या बुधवारी संध्याकाळी आम्ही चौघं गाडीतून घरी येत होतो. आमच्या गॅरेजचं दार उघडायचा एक छोटा रिमोट आहे. तो मोठीच्या हातात होता, धाकटीला तो हवा असतो. गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा मागून आवाज आला, "मला."

मी ब्रेकवर पाय ठेवला. बायकोने माझ्याकडे बघितलं.

"शी जस्ट कॉल्ड मी बॅड," मोठी म्हणाली.

"नाही गं, ती रिमोट मागतेय," बायको म्हणाली.

"हाऊ डू यू नो? शी नोज बोथ नाऊ."

धाकटी पुन्हा म्हणाली, या वेळी जोरात, पहिला स्वर ओढून. मी एसी बंद केला आणि ऐकलं. मागत होती की शिवी देत होती, मला खरंच सांगता येईना. तिच्या चेहऱ्यावर राग होता, पण रिमोट हवा असला की तिच्या चेहऱ्यावर तसाही रागच असतो.

"तिला रिमोट दे," मी मोठीला म्हणालो.

"बट व्हॉट इफ..."

"आधी दे. मग विचारू."